पोटखराब्यातले मासे

बँकेत शेतीकर्जाच्या टेबलावर माझी उमेदीची वर्षे गेली. तेथे ‘भूविकास’ असा एक देखणा शब्द होता. बांधबंदिस्ती, सपाटीकरण, विहीर, पाइपलाइन, सारे त्यात मावत असे. गिरणाकाठच्या एका गावी अशाच कर्जाची पाहणी करायला गेलो होतो. शेतकऱ्याने शेताला आडवा येणारा नाला बुलडोझरने बुजवून पाऊण एकर जमीन वाढविली होती. मी अहवालात ‘काम समाधानकारक’ असे लिहून सही केली. परतताना बांधावर बसलेले एक भोईबाबा म्हणाले, “साहेब, जमीन वाढली खरी, पण मासा आता चढायचा कुठून?”

मला हसू आले. आठ महिने कोरडा असणाऱ्या नाल्यात कसला मासा!

तो कसला, हे कळायला मला पुढे बराच काळ लागला. मृगाचे पाणी नदीला आले, की डोहातले मासे प्रवाहाविरुद्ध निघतात आणि नाल्या-ओहोळांत चढतात. तेथे उथळ, कोमट पाण्यात, बुडालेल्या गवतात अंडी घालतात. पिल्ले पूर ओसरताना नदीला येऊन मिळतात. मरळ काठच्या पाणवनस्पतींत घरटे करते. लालसर पिल्लांचा घोळका वर तरंगतो आणि आईबाप खालून राखण करतात. आपल्या लेकी बाळंतपणाला माहेरी येतात, तसे माशांचे हे माहेर. सातबाऱ्यावर त्याची नोंद असते ‘पोटखराबा’!

खानदेशात माणसाने पाणी अडविले ते काही आज नाही. साक्री तालुक्यात पांझरेवर फड पद्धतीचे दगडी बंधारे शतकांपूर्वीचे आहेत. पण ते बुटके. पूर आला की बंधारा पाण्याखाली जाई आणि मासा वरून निघून जाई. मोठ्या धरणांची गोष्ट वेगळी. गिरणा धरण 1969 मध्ये पुरे झाले, गुजरातेत तापीवर उकाई 1972 मध्ये उभे राहिले. समुद्राकडून वर येणाऱ्या माशाला उकाईची भिंत ओलांडता येत नाही. धरणाखालच्या गिरणेला उन्हाळ्यात पाणी मिळते ते आवर्तनाचे. चार दिवस लोंढा, मग पुन्हा खडखडाट. धरणे नकोत असे मी म्हणणार नाही. जळगावच्या केळीवर आणि नळाच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाने तसे म्हणू नये.

“धरणात मासे भरपूर आहेत की!” असे कोणी म्हणेल. आहेत. रोहू, कटला, मृगळ यांचे बीज तेथे सोडतात. 1952 मध्ये परदेशातून आपल्या देशात आलेला टिलापियाही साचलेल्या पाण्यात सुखाने वाढतो. वाहत्या पाण्यातल्या, गोट्यांच्या तळावर जगणाऱ्या लहान माशांना मात्र धरणाचे पाणी घर वाटत नाही.

मग वाळू. वाळू गेली की पात्र खोल जाते, काठ ढासळतात आणि उन्हाळ्यात मासा ज्या डोहात तग धरतो तो डोह मोडतो. काठची झाडी तोडून थेट धारेपर्यंत नांगर गेला, की काळी माती पावसासरशी पात्रात उतरते आणि वाळूगोट्यांतली अंडी गाळाखाली गुदमरतात. वाळूच्या लहान पट्ट्यांनाही पर्यावरणाची मंजुरी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने 27 फेब्रुवारी 2012 रोजी बजावले. रात्रीचे ट्रॅक्टर कोठे निकाल वाचतात? त्यांतल्या काही ट्रॅक्टरांच्या कर्जावर माझीच सही असेल.

करता येण्याजोगे पुष्कळ आहे. गावनकाशावरचे नाले मोजून खुणा रोवाव्यात. सपाटीकरणाला कर्ज देताना बँकेने नकाशा मागावा. नाल्याच्या दोन्ही अंगांना चार हात गवत-झाडोरा राखावा आणि गावागणिक एखादा डोह वाळूच्या लिलावातून कायमचा वगळावा. यातल्या कशालाही मोठा खर्च नाही.

त्या शेतात पुढे एका अतिवृष्टीत पाणी आपल्या जुन्या वाटेने आले आणि उभी केळी घेऊन गेले. दुरुस्तीच्या कर्जाचा अर्ज माझ्याच टेबलावर आला. “नाला मोकळा सोडा, मग बघू,” मी म्हणालो. त्याने पिशवीतून माझ्याच अहवालाची प्रत काढून पुढे ठेवली.

“साहेब, समाधानकारक तुम्हीच लिहिलं होतं ना?”