पिंजऱ्याला ‘केज’ म्हटलं म्हणून काय झालं?



कपिलधारचा धबधबा पाहून येताना एका नातलगांकडे चहाला थांबलो. ओसरीवर पिंजऱ्यात पोपट. मी बघतच राहिले, तर वहिनी म्हणाल्या, “केजमध्ये सेफ आहे हो तो!” (मला केज म्हणजे आपल्या बीड जिल्ह्यातला तालुका ठाऊक.)

पोपट ‘केज’मध्ये, कुत्रा ‘क्रेट’मध्ये, पोरगं ‘ग्राउंडेड’, सुनेवर थोडं ‘रिस्ट्रिक्शन’. मराठीत एकच शब्द आहे, कोंडणं. तो तोंडातून निघत नाही, म्हणून इंग्रजी लागतं.

तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय पर्युषणात आपण ऐकतोच ना? अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत पहिला आहे बंध. मारणंसुद्धा त्याच्यानंतर येतं. कांदा-बटाटा घरात येऊ नये म्हणून पिशव्या तपासणाऱ्या आपण, ओसरीवरचा बंध मात्र दिसत नाही!

कायद्याचं म्हणाल, तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार देशी पोपट पाळणं गुन्हा आहे. पण नुसतं दार उघडू नका, पंख कापलेला पोपट मांजराच्या तोंडी जाईल. वनखात्याला कळवा.

वहिनींना हे सगळं सांगितलं. चहा गार झाला. पोपट अजून तिथेच आहे, आणि मी आता तिकडे चहाला थांबत नाही.