खोताच्या वाडीचा दर्शनी भाग

गिरगावातील खोताच्या वाडीत घराच्या बाह्यरूपातील कोणताही बदल कागदावरच्या नकाशावरून मंजूर होऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. वारसा समितीने गल्लीत उभे राहून घर पाहावे आणि मगच निर्णय द्यावा.

रस्त्याकडेचा लाकडी जिना, कोरीव कठड्याचा व्हरांडा, मंगळुरी कौलांची उतरती पाखे यांवरच या वाडीची ओळख उभी आहे. लाकडी खिडकीच्या जागी एका घराला अ‍ॅल्युमिनियमची सरकती तावदाने बसली, की शेजारच्याला तोच दाखला मिळतो. बोळ इतका अरुंद, की एक चौकट बदलली तरी सारी ओळ बदललेली दिसते.

मात्र केवळ नकार देऊन घर वाचत नाही. वाळवीने पोखरलेला सागवानी खांब बदलायला परवानगी लांबली, तर पावसाळा थांबत नाही. खांब खचतो, घर धोकादायक ठरते आणि मग पाडकामाला आयते कारण मिळते. मुंबईच्या १९९५च्या वारसा नियमावलीत बुडालेल्या बांधकाम हक्कांपोटी हस्तांतरणीय विकास हक्कांची तरतूद झाली. पण त्यातून यंदाच्या गळक्या छपरावर कौले चढत नाहीत.

म्हणून महापालिकेने दुरुस्तीच्या अर्जांवर मुदतीत आणि लेखी कारणांसह निर्णय द्यावा, मूळ पद्धतीच्या सुतारकामासाठी अनुदान द्यावे आणि विनापरवाना बदल मालकाच्या खर्चाने पूर्ववत करून घ्यावेत. येत्या पावसाळ्याआधी हे व्हायलाच हवे.