हिमनग समुद्राचा तळ नांगरतो, तेव्हा तेलविहिरींचं काय होतं?

29 मार्च 2017. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडजवळच्या समुद्रात 'सीरोझ' या तेल काढणाऱ्या जहाजापासून एक हिमनग अवघ्या 180 मीटरवर आला. जहाजावर 84 माणसं होती आणि सुमारे 3 लाख 40 हजार बॅरल कच्चं तेल. टक्कर झाली नाही.

हिमनग जहाजाला धडकतो हे 'टायटॅनिक'मुळे सगळ्यांना माहीत आहे. पण इथे धोका तळाशीही असतो.

हिमनगाचा जवळपास 90 टक्के भाग पाण्याखाली असतो. ग्रीनलंडच्या हिमनद्यांपासून तुटलेले नग लॅब्राडोर प्रवाहाबरोबर दक्षिणेला, ग्रँड बँक्सच्या उथळ समुद्रात येतात. तिथल्या हायबर्निया तेलक्षेत्रात पाणी फक्त 80 मीटर खोल आहे. मोठा नग तळाला टेकतो, तरी वारा आणि प्रवाह त्याला ढकलतच राहतात. मग नांगराचा फाळ फिरावा तसा चर पडतो. खोली साधारण मीटरभर किंवा कमीच, रुंदी वीस-तीस मीटर, लांबी कधी कधी कित्येक किलोमीटर.

मीटरभर चराचं एवढं काय? वाटेत विहिरीचं तोंड किंवा पाइपलाइन असेल तर तेवढा पुरतो. बरं, पाइप चरापेक्षा खोल पुरला की सुटलो, असंही नाही. चराखालची मातीसुद्धा नगाच्या रेट्याने सरकते आणि पाइप वाकवू शकते.

हायबर्नियाने 10 लाख टनांचा नग आदळला तरी टिकेल असा काँक्रीटचा पायाच उभारला. टेरा नोव्हा आणि व्हाइट रोझ क्षेत्रांत विहिरींची तोंडं तळात खणलेल्या मोठ्या खड्ड्यांत बसवली, म्हणजे नग वरून निघून जाईल. वर जहाज असतं. नग जवळ आला की ते विहिरींपासून सुटून बाजूला व्हायचं. त्याआधी बोटी दोर टाकून नगाला चक्क ओढून नेतात!

'सीरोझ' हे व्हाइट रोझचंच जहाज. हस्की कंपनीच्या स्वतःच्या आराखड्यानुसार ते त्या दिवशी सुटायला हवं होतं. सुटलं नाही, कर्मचाऱ्यांना धडकेसाठी तयार राहायला सांगितलं गेलं. नियामक मंडळाने जानेवारी 2018 मध्ये काम थांबवलं, पण काही दिवसांतच परवानगी पुन्हा मिळाली. घटनेनंतर नऊ-दहा महिन्यांनी झालेली ही कारवाई मला तरी उशिराची वाटते.

आता चर्चा आहे 'बे दू नॉर' प्रकल्पाची. कॅनडा सरकारने 2022 मध्ये त्याला पर्यावरण मंजुरी दिली. तिथे पाणी हजार मीटरहून खोल आहे, त्यामुळे नग तळापर्यंत पोहोचणार नाही. तेल मात्र पुन्हा जहाजावरच काढायची योजना आहे.