न वाचता दिलेले गुण

मर्जान सत्रापी यांचे ‘पर्सेपोलिस’ मी शिक्षकखोलीतल्या टेबलावर ठेवले होते. मुखपृष्ठावरची हिजाबमधली मुलगी पाहून एक सहकारी म्हणाले, “सर, इसमें हमारी बदनामी होगी.” दुसऱ्या बाई खूश झाल्या, “बुरख्याविरुद्ध आहे ना? छान!” पान मात्र कोणीच उलटले नाही. उत्तरपत्रिका न उघडता गुण देणाऱ्या परीक्षकाला आपण काय म्हणतो?

हे इराणी आत्मकथन २००० ते २००३ या काळात फ्रेंचमध्ये चार भागांत आले. चित्रकारांनीच १९९० साली काढलेल्या पॅरिसच्या एका स्वतंत्र प्रकाशनसंस्थेने ते छापले. पहिल्याच पानावर वर्गाचा फोटो आहे. हिजाबमधल्या मुली रांगेत बसल्या आहेत, आणि मर्जान चौकटीच्या कडेला कापली गेली आहे. पण शेजारच्या प्रत्येक मुलीला तिने नाव दिले आहे. वस्त्राने नव्हे, सक्तीने माणूस कसा पुसला जातो, हे ती एका रेषेत सांगते. बदनामी आणि जयजयकार, दोघेही या चौकटीशी नापास होतात.

आता उलट बाजू. जो सॅको यांचे ‘पॅलेस्टाईन’ १९९३ ते १९९५ मध्ये नऊ पातळ अंकांत निघाले. पुढे एकत्रित आवृत्तीला एडवर्ड सईद यांनी प्रस्तावना लिहिली. विषय आपल्या काळजाचा, म्हणून आपण पैकीच्या पैकी देऊन मोकळे होतो. हाही अन्यायच आहे. कोठडीतल्या चौकशीच्या प्रकरणात कैद्याचे हाल वाढतात तशा चौकटी लहान होत जातात, आणि वाचकाचाही श्वास कोंडतो. स्वतःला मात्र सॅको बिनडोळ्यांच्या चष्म्यात, दुसऱ्याच्या दुःखातून मजकूर शोधणारा माणूस म्हणून रेखाटतात. पुस्तक मोठे आहे ते या कसबामुळे आणि या प्रामाणिकपणामुळे. कौमच्या बाजूचे आहे एवढ्यानेच नव्हे.

काही जण म्हणतील, चित्रे पाहणे हे वाचन नव्हे, पोरखेळ आहे. अकबराच्या दरबारात ‘हमजानामा’ची सुमारे चौदाशे चित्रे तयार झाली. दास्तान चित्रांच्या मागच्या बाजूला लिहिलेली होती. तो काय पोरखेळ होता?

मूल्यमापन हा शब्द आम्ही बी.एड.ला घोकला. त्याचा अर्थ एवढाच : आधी वाचा, मग बोला. चौकट लहान का झाली, कोण चौकटीबाहेर राहिले, चित्रकार स्वतः कुठे उभा आहे, हे विचारा. आवडले नाही तर खुशाल नापास करा, पण कारण पानावर दाखवा.

कारण प्रश्न एका पुस्तकाचा नाही. आमची मुले आज मोबाइलवर दिवसभर चित्रेच पाहतात. जुन्या फोटोखाली नवी ओळ लिहून कोणीतरी मोहल्ला पेटवू पाहतो, तेव्हा फोटोच्या कडेला काय कापले आहे, हे विचारणारे पोर घडवायचे आहे. गुरुजीच मुखपृष्ठ पाहून निकाल देत असतील, तर ते पोर कुठे शिकणार?