तळं इथे, कुपी तिथे

मध्यंतरी मेहकरला मामांकडे गेलो होतो. जेवता जेवता मामांनी प्रश्न टाकला, "काहून रे, लोणारच्या तळ्यातल्या जंतूंचंबी पेटंट घेता येते म्हणे. चोरीच झाली ना मंग ते?"

चोरी नाही मामा. पण वाटणीही नाही. ताटावर बसून नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

यंत्राचं पेटंट घ्यायचं तर आकृती काढून देता येते. जंतूचं काय देणार? पानंच्या पानं वर्णन लिहा, ते वाचून कुणाला तो जंतू घडवता येत नाही. आणि पेटंट म्हणजे तर सौदा... गुपित उघड करा, वीस वर्षं मक्तेदारी घ्या. म्हणून मग जंतूच जमा करायचा. १९७७ च्या बुडापेस्ट करारानुसार एका मान्य केंद्रात तो एकदा ठेवला की सगळ्या सदस्य देशांत चालतो. भारत त्यात २००१ च्या डिसेंबरात गेला. चंदीगडच्या केंद्राला २००२ साली मान्यता मिळाली, पुण्याच्या केंद्राला २०११ साली. कुपी किमान तीस वर्षं सांभाळायची. निसर्गातला जंतू जसाच्या तसा आपल्याकडे कुणाच्या मालकीचा होत नाही, हेही खरं. इथवर माझी काही तक्रार नाही. उलट, गुपित लपवून मक्तेदारी मागणाऱ्याला हा चांगला चाप आहे.

माझं भांडण पुढे आहे.

२००२ साली सुधारलेला पेटंट कायदा म्हणतो, जैविक सामग्री कुठून आणली ते अर्जात लिहा. लिहिलं 'लोणार सरोवर, जिल्हा बुलढाणा'. एक ओळ. झालं! लोणारचा संबंध संपला. पूर्वी या तळ्यातून खार काढत. तो उपसायला गावची माणसं तरी लागायची. जंतू न्यायला एक बाटली पुरते.

'चिखलातल्या जंतूला कसली आलीय किंमत' असं म्हणणाऱ्यांनी केनियाकडे पाहावं. तिथली तळीही लोणारसारखीच, सोड्याची. त्यातल्या जंतूंपासून मिळालेलं एन्झाइम जीन्सला जुनाट रूप द्यायला वापरलं गेलं. २००४ साली केनियाच्या वन्यजीव खात्याने अमेरिकन कंपनीकडे हिस्सा मागितला. माल बाजारात गेल्यावर!

आपल्याकडे जैवविविधता कायदा २००२ चा. तो हिस्सा द्यायला सांगतो. पण २०२३ च्या दुरुस्तीनंतर भारतीय अर्जदाराने पेटंट मिळण्याआधी चेन्नईच्या प्राधिकरणाकडे फक्त नोंदणी करायची. परवानगी घ्यायची ती धंदा सुरू करताना. "संशोधकांना लाल फितीत अडकवू नका" हे मलाही पटतं. मग कुपी जमा करतानाच गावच्या जैवविविधता समितीला एक पत्र जाऊ द्या की! एका पत्राने कुठलं संशोधन अडतं? आणि समितीनेही नोंदवहीत निंब, मोर लिहून थांबू नये. तळ्यातल्या जंतूंना एक पान द्यावं. २०१२ साली हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी इथल्या एका जिवाणूला 'सेसेंबिया लोणारेन्सिस' नाव दिलं. शास्त्राने गावाचं नाव घेतलं, गावाने कधी त्याचं घेतलंय?

२०२० च्या जूनमध्ये तळं गुलाबी झालं तेव्हा सगळा महाराष्ट्र फोटो बघायला धावला. तो रंगही खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांचाच होता. त्याच वर्षी तळं रामसर यादीत गेलं. पण गोडं पाणी आणि सांडपाणी येत राहिलं तर खार उतरेल, आणि ज्या खाराने हे जंतू घडवले तोच जाईल. कुपीतला जंतू तीस वर्षं झोपून राहील. त्याचे भाऊबंद मात्र तळ्यातच राहतात, त्यांना कुठल्या कुपीत भरणार?

हिस्सा मागायचा तो यासाठी. गावाला पैसे वाटायला नव्हे, तळं राखायला.

मामा, आता सांगा. चुकतंय का माझं काही?