भाषांतराचा कारखाना आणि नगावर मजुरी

बँकांची माहितीपत्रके, औषधांच्या वेष्टनांवरील सूचना, विमा कंपन्यांची अर्जपत्रे यांतील दुर्बोध मराठीविषयी तक्रार करण्याची प्रथा आपल्याकडे चांगलीच रुजली आहे. ती मराठी कोणत्या परिस्थितीत तयार होते, याची विचारपूस मात्र क्वचितच होते.

मूळ ग्राहक हे काम बहुधा एखाद्या मोठ्या भाषांतर कंपनीला देतो, ती ते दुसरीकडे सोपविते, आणि शेवटी ते घरी बसून काम करणाऱ्या भाषांतरकाराच्या हाती पडते. प्रत्येक पायरीवर दलाली कापली जाते. नगावर मजुरी दिली की मध्यस्थांची उतरंड उभी राहते, हे मार्क्सने १८६७ मध्येच दाखवून दिले होते. येथे नग म्हणजे शब्द, आणि शब्द कोणत्या भाषेतला मोजावयाचा, यातच मेख आहे. 'इन द हाउस' हे इंग्रजीतील तीन शब्द मराठीत 'घरात' या एका शब्दात मावतात. मराठी शब्द मोजून पैसे देणारी कंपनी भाषांतरकाराकडून जणू विभक्तिप्रत्ययांचा दंडच वसूल करते! यंत्राने केलेल्या कच्च्या भाषांतराची दुरुस्ती तर आणखी कमी दराने मागितली जाते. वस्तुतः यंत्राचे वाक्य मोडून नव्याने लिहिण्यातच पुष्कळदा अधिक वेळ जातो.

हा वेळ व्यवस्थापकांना दिसत नाही, कारण तो त्यांच्या जमाखर्चात येत नाही. मासिक पगारदाराचा दिवस वाया गेला तर तोटा मालकाचा. नगावर राबणाऱ्याचा गेला तर तो त्याचा स्वतःचा. शुक्रवारी सायंकाळी पाठविलेले काम सोमवारी सकाळी मागणे, निम्मे काम झाल्यावर परिभाषासूची बदलणे, शंकांना उत्तरच न देणे, हा गलथानपणा चालतो तो फुकट पडतो म्हणून. व्यवस्थापन-कौशल्याची शिबिरे भरवून तो जाणार नाही.

सर्वांत अन्यायकारक आहे ती दर्जाच्या नावाखाली होणारी कपात. बिड्या नापास ठरवून मजुरी बुडविण्याचा प्रकार जुनाच. म्हणूनच १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्यात नापास मालाविषयीच्या तंट्यांच्या निवाड्याची तरतूद करावी लागली. पदवीधर भाषांतरकार कागदोपत्री 'स्वतंत्र व्यावसायिक' असल्यामुळे त्याला अशी सोय नाही. दिवाणी न्यायालय आहे; पण चार-पाच हजारांच्या वसुलीसाठी तेथे कोण खेटे घालणार?

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगांची देणी फार तर ४५ दिवसांत चुकती करण्याचे आणि विलंब झाल्यास चक्रवाढ व्याजाचे बंधन घातले आहे. भाषांतरकारालाही अशी नोंदणी करता येते. परंतु ज्याने व्याज मागितले, त्याला पुढचे काम मिळेलच असे नाही.

तेव्हा दडपण वरूनच यावयास हवे. सरकारी बँका व महामंडळे भाषांतराच्या निविदा काढताना सर्वांत कमी दराकडे पाहतात. प्रत्यक्ष भाषांतरकाराला मिळावयाचा किमान दर त्यांनी निविदेतच नमूद करावा, आणि त्याचे पैसे चुकते झाल्याचा दाखला जोडल्याशिवाय कंपनीचे अंतिम देयक मंजूर करू नये.