नाव बापाने ठेवले, जाब मुलाला का?

‘नाव काय?’ आणि लगेच ‘आडनाव काय?’ हा दुसरा प्रश्न ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या पाठीस लागला, त्यांनी तरी नावावरून माणूस तोलू नये. पण सोशल मीडियावर आपलेच तरुण एखाद्या नेत्यावर टीका करताना त्याच्या नावावर घसरतात. एम. के. स्टॅलिन यांचे उदाहरण घ्या.

त्यांचा जन्म 1 मार्च 1953 चा. चार दिवसांनी, 5 मार्चला, सोव्हिएत हुकूमशहा जोसेफ स्टॅलिन मेला. त्याच्या शोकसभेत करुणानिधींनी मुलाचे हे नाव जाहीर केले. तेव्हा अनेकांना तो हिटलरला हरवणारा, कष्टकऱ्यांचा कैवारी वाटत होता. तीनच वर्षांत, 1956 मध्ये, त्याच्याच पक्षाच्या अधिवेशनात ख्रुश्चेव्हने त्याच्या अत्याचारांचा पाढा वाचला. 1937-38 या दोन वर्षांत सुमारे 6 लाख 80 हजार लोकांना मृत्युदंड दिल्याची नोंद सोव्हिएत दफ्तरातच आहे. 1961 मध्ये स्टॅलिनग्राडचे व्होल्गोग्राड झाले. मद्रासमधल्या मुलाचे नाव मात्र तेच राहिले. नावामुळे शाळाप्रवेशात अडचण आली, तेव्हा वडिलांनी नाव नाही, शाळा बदलली, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे.

यात त्या मुलाचा दोष काय? स्टॅलिन यांना जाब जरूर विचारा, पण तो कामाचा. डिसेंबर 2022 मध्ये वेंगैवयल येथे दलित वस्तीच्या पाण्याच्या टाकीत विष्ठा टाकली गेली. तेव्हा सरकार त्यांचे होते. हा प्रश्न नावाच्या टिंगलीपेक्षा शंभरपट टोकदार आहे.

शूद्राचे नाव निंदा दाखवणारे असावे, असे मनुस्मृतीचा दुसरा अध्याय सांगतो. दगडू, कचरू ही नावे आपल्या आजा-पणजांनी हौसेने मागून घेतली नव्हती. लादलेल्या नावाचे ओझे आपल्याइतके कोणाला कळणार?

आता आईबापांसाठी एक गोष्ट. राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत दिला होता. आपली भक्ती लेकराच्या जन्मदाखल्यावर लिहू नका. सत्ताधीशाचे कारनामे उद्या बाहेर येतात. नाव मात्र मुलाला जन्मभर वागवावे लागते. प्रज्ञा, करुणा, समता या नावांना तो धोका नाही.

जय भीम!